नकाशा कोणाला दाखवलात?

नवं घर बांधायला काढलं की आपल्याकडची मंडळी नकाशा सगळ्यांना दाखवतात. बिल्डरच्या ऑफिसातून आलेला तो कागद ईमेलने पुण्याला जातो, ठाण्याला जातो, शनिवारच्या पॉटलकला डायनिंग टेबलवर पसरला जातो. मग सूचनांचा पाऊस! गॅरेज दोन गाड्यांचं की तीन, बेसमेंट आत्ताच पूर्ण करायचं की नंतर, दार पूर्वेला येतं का, देव कुठे बसवायचे. बोट फिरत फिरत स्वयंपाकघरावर आलं की मात्र चर्चा ग्रॅनाइटच्या रंगावर घसरते. पोळ्या कुठे लाटणार, फोडणीचा धूर कुठून बाहेर जाणार, हे विचारणारा विरळाच.

ही काही आपलीच खासियत नाही बरं का. आज इथे ज्याला आपण 'मॉडर्न किचन' म्हणतो, त्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नकाशा काढताना, ओट्यापाशी रोज उभं राहणाऱ्या माणसाला कोणी विचारलं का? आणि विचारलं, तर नेमकं काय विचारलं?

सुरुवात करावी लागते १८६९ पासून. त्या वर्षी कॅथरीन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो ('अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी तीच) यांचं 'द अमेरिकन वूमन्स होम' हे पुस्तक आलं. कॅथरीन आजन्म अविवाहित, पेशाने शिक्षिका. तिचं म्हणणं साधं होतं: मोठ्या घरात भांडी एकीकडे, पीठ दुसरीकडे, सिंक तिसरीकडे, त्यामुळे बाईची निम्मी ताकद नुसती चालण्यात जाते. तिने उदाहरण दिलं ते आगबोटीचं. दोनशे माणसांचा स्वयंपाक जहाजातल्या एवढ्याशा खोलीत होतो, कारण प्रत्येक वस्तू हाताशी असते. मग घरात का होऊ नये? तिने सिंकशेजारी सलग ओटा काढला, त्याच्या खाली पिठाचे कप्पे, वर फळ्या. आणि चूल? ती वेगळ्या खोलीत, मध्ये काचेची सरकती दारं, म्हणजे उष्णता आणि वास घरभर पसरायला नकोत. आपल्यातल्या कित्येकांनी गॅरेजमध्ये किंवा डेकवर तळणीसाठी दुसरी शेगडी मांडलेली असते. ती कल्पना अशी दीडशे वर्षं जुनी आहे!

पुढचं नाव ख्रिस्टीन फ्रेडरिकचं. त्या काळी फ्रेडरिक टेलर नावाचे इंजिनिअर कारखान्यात कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावत होते. १९११ साली त्यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं आणि अमेरिकेला कार्यक्षमतेचं वेडच लागलं. ख्रिस्टीनबाईंनी ते घड्याळ घरात आणलं. १९१२ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकात त्यांची लेखमाला आली. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कामाचे दोन सरळ क्रम लावले: सामान काढणं, चिरणं-मळणं, शिजवणं, वाढणं हा एक, आणि खरकटं काढणं, घासणं, पुसणं, जागेवर ठेवणं हा दुसरा. भांडी आणि कपाटं या क्रमाने लावली की एकाच वाटेवर दहादा मागे-पुढे करावं लागत नाही. वाचताना वाटतं, यात काय मोठं? पण तोवर नकाशे काढणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं, हेही खरंच.

मग लिलियन गिलब्रेथ. इंजिनिअर, मानसशास्त्रातली डॉक्टरेट आणि पदरात बारा मुलं! त्यातली एक मुलगी लहानपणीच गेली. १९२४ साली नवरा अचानक वारला. दोघं मिळून कारखान्यांना सल्ला द्यायचे, पण एकट्या बाईकडून सल्ला घ्यायला बरेच कारखानदार तयार होईनात. तेव्हा तिने आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळवली. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी तिने एक नमुना स्वयंपाकघर तयार केलं. त्यात स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करून बघितला. जुन्या मांडणीत २८१ पावलं लागत, नव्या मांडणीत ४५. गंमत म्हणजे लिलियनबाईंना स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता. तो त्यांच्या घरी बहुतेक दुसरेच करत. पण एक गोष्ट त्यांनी आग्रहाने सांगितली: ओट्याची उंची बाईच्या उंचीप्रमाणे हवी, बाईने ओट्याप्रमाणे वाकायचं नाही. पुढे इथल्या कपाट-उद्योगाने ३६ इंच हा एकच आकडा धरला आणि तो घरोघर बसला. पाच फूट उंचीची आपली आई किंवा सासूबाई त्याच ३६ इंचांवर पोळपाट ठेवून खांदे उचलून पोळ्या लाटतात, आणि संध्याकाळी मानेला बाम चोळतात.

आता थोडं जर्मनीत जाऊन येऊ, कारण ख्रिस्टीनबाईंचं लिखाण भाषांतर होऊन तिथे पोचलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने वास्तुविशारद अर्न्स्ट माय यांच्याकडे हजारो स्वस्त घरं बांधायचं काम दिलं. त्यांच्या हाताखाली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाची तरुण आर्किटेक्ट होती. १९२६ मध्ये तिने आखलेलं 'फ्रँकफर्ट किचन' जगप्रसिद्ध झालं. मोजमाप १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सहा बाय अकरा फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं. खिडकीखाली कामाचा ओटा, बसून काम करायला फिरतं स्टूल, भिंतीला घडी होणारा इस्त्रीचा तक्ता. आणि डबे! अ‍ॅल्युमिनियमचे, खणासारखे ओढून काढायचे, धान्य-साखर सरळ ओतता येईल अशी चोच असलेले, प्रत्येकावर जिन्नसाचं नाव. आपल्या मांडणीवरच्या डब्यांची आठवण व्हावी असे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली.

लोक राहायला आले आणि तक्रारी सुरू झाल्या. या कुटुंबांना एकाच मोठ्या खोलीत स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास अशी सवय होती. नव्या स्वयंपाकघरात एकाच माणसाची जागा. दुसरं कोणी मदतीला आलं तर धक्काबुक्की. जेवायला टेबल ठेवायचं म्हटलं तर शक्य नाही. ते देखणे डबे लहान मुलांच्या बरोबर हाताशी येत, मग जमिनीवर साखर सांडलेली! पावलं वाचली, पण आई एकटी पडली. लिहोत्स्कीबाई नाझींच्या तुरुंगातून वाचून १०२ वर्षं जगल्या, जानेवारी २००० मध्ये गेल्या. म्हातारपणी त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं की हे स्वयंपाकघर आखण्याआधी त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर याने कमी होत नाही. हजारो बायकांचे पाय त्यांनी वाचवले. पण घड्याळ लावून पावलं मोजणं आणि त्या पावलांच्या मालकिणीला विचारणं, यात फरक आहे, एवढंच.

विचारलं की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारने बायकांची एक उपसमिती नेमली. लेडी एमट अध्यक्ष होत्या. कामगार वस्तीतल्या बायकांना घर कसं हवं, हे या समितीने विचारलं. त्यांनी मागितलं ते गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर आणि बसायला एक वेगळी खोली. या मागण्यांचा खर्च ऐकून मंत्रालयालाच धास्ती वाटली! दुसऱ्या महायुद्धात रॉटरडॅम शहर बेचिराख झालं. तिथे १९४६ मध्ये घरबांधणीसाठी बायकांची सल्लागार समिती उभी राहिली. घर बांधायच्या आधी नकाशा या बायकांपुढे यायचा, आणि दार चुकीच्या बाजूला उघडतंय, इथे बाबागाडी वळणार नाही, असे शेरे त्या द्यायच्या. पुढे अशा समित्या हॉलंडमध्ये गावोगावी झाल्या.

अमेरिकेतही इलिनॉय विद्यापीठात १९४४ साली लहान घरांचा अभ्यास करणारी संस्था निघाली. सिंक, शेगडी आणि फ्रीज यांना जोडणारा तो प्रसिद्ध 'त्रिकोण' तिथल्याच अभ्यासातून रूढ झाला. आजही किचनवाला सांगतो, त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांच्या आत ठेवा. आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने देशभरातल्या १०३ गृहिणींना वॉशिंग्टनला बोलावून 'तुम्हाला घर कसं हवं?' असं चक्क विचारलं. जागा हवी, सामान ठेवायला कपाटं हवीत, मुलांच्या दंग्याला वेगळी खोली हवी, अशा त्यांच्या मागण्या. तीन वर्षांनी मॉस्कोच्या प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह अमेरिकन स्वयंपाकघरासमोर उभे राहून भांडले, ते जगाला माहीत आहे. दोघांपैकी कोणी तिथे कधी भांडं घासलं असेल असं वाटत नाही. त्या १०३ बायका मात्र इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत.

आपल्या मुलखातली गोष्ट निराळी नाही. वाड्यातलं स्वयंपाकघर माजघराच्या मागे, अंधारं. चूल जमिनीवर, शेजारी वैल, कोपऱ्यात उतरंड, भिंतीत फडताळ. बाई पाटावर किंवा उकिडवी बसणार आणि धूर कौलातून वाट काढील तेव्हा काढील. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या कामातून, १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली, धूर धुराड्यावाटे बाहेर नेणारी. हेतू फार चांगला. पुढे १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रमच घेतला आणि लाखो चुली बसल्या. त्यातल्या बऱ्याच थोड्या वर्षांत बंद पडल्या. कुठे घरातलं पातेलं चुलीच्या भोकावर बसेना, कुठे लाकूड आत जाईना, कुठे धुराडं साफ कोण करणार ते ठरलेलं नव्हतं. बायकांनी भोकं फोडून मोठी केली, आणि धूर पुन्हा घरात! हे सगळं चूल घालण्याआधी तिच्यासमोर बसणारीने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

शहरात रॉकेलच्या स्टोव्हनंतर गॅस आला, ओटा उभा राहिला, बाई उभी राहिली. मग आपण इथे आलो आणि आपल्याला मिळालं ओपन किचन. फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकातच आपल्या छोट्या घरांत स्वयंपाकघर बैठकीच्या बाजूला मोकळं केलं होतं. पुढे ती पद्धत सगळीकडे पसरली. तिचा फायदा नक्कीच आहे: फ्रँकफर्टची एकटी पडलेली आई इथे गप्पांत सामील होते. पण ज्या स्वयंपाकात मोहरी-हिंगाची फोडणी रोज दोनदा होत नाही, त्या स्वयंपाकासाठी हा नकाशा निघाला. शेगडीवर मायक्रोवेव्ह लटकवायचा आणि त्यातलाच पंखा वापरायचा, ही बिल्डरची नेहमीची सोय. त्यातले बरेचसे पंखे हवा जाळीतून फिरवून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतात. आठवड्याभरात कोटांना, सोफ्याला, मुलांच्या दप्तरांना वास. मुलं शाळेत लाजतात आणि मग घरात फोडणीच बंद होते. नकाशावरच्या एका पाइपपायी एका घराची चव बदलते.

तेव्हा मंडळी, नकाशा जरूर सगळ्यांना दाखवा, पण 'आवडला का?' असं विचारू नका. आवडला का म्हटलं की माणूस 'छान आहे हो' म्हणतो. त्याऐवजी काम सांगा. 'आई, यात वीस माणसांचं जेवण करायचं आहे. पीठ कुठून काढाल? कणीक कुठे मळाल? पोळी लाटताना कोपर कुठे येतं? कुकरची वाफ कुठे जाईल? दहा किलो तांदळाची पिशवी कुठे? दोघी एकदम उभ्या राहिल्या तर फ्रीज उघडेल का?' धूर बाहेर नेणारा पाइप आहे का, हे बिल्डरला लेखी विचारा. ओट्याचा एक तुकडा ३२-३३ इंचांवर उतरवायला सांगा. आणि हल्ली आपल्याकडे बरेच पुरुषही रांधतात, तेव्हा त्यांचंही कोपर मोजा!

जमलं तर ड्राइव्हवेवर खडूने स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखा. दाराचे कंस काढा, शेगडीच्या जागी खोकं ठेवा. जी रोज करते तिला त्या रेघांमध्ये उभं करा आणि नुसत्या हातवाऱ्यांनी वरण-भात, भाजी, पोळी करायला सांगा. शेजारी हसतील, हसू देत. ती कुठे थबकते, कुठे वळसा घालते, कुठे हात पोचत नाही, ते बघून लिहून घ्या. कागदावरची रेघ पुसायला खोडरबर पुरतं. भिंत उभी राहिल्यावर तीच रेघ पुसायला हजारो डॉलर लागतात, आणि ते नसले की कुणाचे तरी गुडघे आणि खांदे पुढची तीस वर्षं तो खर्च भरत राहतात.