मालमत्तेचा मूल्यक्षय आणि औरंगाबादचे उद्योग : लेखांकनाच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

यंत्र झिजते तसे त्याचे मूल्य घटते, हे तत्त्व लेखाशास्त्राने फार पूर्वी स्वीकारले आणि त्यासाठी घसाऱ्याची तरतूद केली. मात्र यंत्र सुस्थितीत असूनही त्यापासून मिळणारे उत्पन्नच आटले, तर ताळेबंदात काय दाखवावे, या प्रश्नाला भारतात दीर्घकाळ बंधनकारक उत्तर नव्हते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील दोन उद्योगांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेता येतो.

गिरणी आणि कायदा

औरंगाबादची कापड गिरणी निजाम राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. 1974 च्या आजारी कापड उद्योग राष्ट्रीयीकरण कायद्याने सरकारकडे गेलेल्या गिरण्यांत तिचा समावेश होता. या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक गिरणीपुढे द्यावयाची रक्कम नमूद होती. म्हणजे मूल्य किती उरले, हे लेखापालाने नव्हे तर संसदेने ठरविले.

1985 च्या आजारी औद्योगिक कंपन्यांविषयीच्या कायद्याने संचित तोटा निव्वळ मूल्याइतका वा त्याहून अधिक होणे ही आजाराची मुख्य कसोटी मानली. येथेच खरी मेख आहे. निव्वळ मूल्य पुस्तकी आकड्यांवरून काढले जाई. त्यामुळे कालबाह्य यंत्रे जुन्या किमतीने पुस्तकात असेपर्यंत कंपनी कागदोपत्री निरोगी राहू शकत असे. 1956 च्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या अनुसूचीनुसार एका पाळीत चालणाऱ्या सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर सरळ रेषा पद्धतीने 4.75 टक्के घसारा आकारला जाई; या दराने 95 टक्के मूल्य वजा होण्यास 20 वर्षे लागतात. तंत्रज्ञान मात्र इतका काळ थांबत नाही.

मानक 28

आंतरराष्ट्रीय पातळीवर 1998 मध्ये मानक 36 आले. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने 2002 मध्ये लेखा मानक 28 प्रसृत केले व 1 एप्रिल 2004 पासून सूचिबद्ध व मोठ्या उद्योगांना ते बंधनकारक झाले. पुस्तकी मूल्य वसूलयोग्य रकमेहून अधिक असल्यास फरक तोटा म्हणून दाखवावा, हा त्याचा गाभा. वसूलयोग्य रक्कम म्हणजे निव्वळ विक्री किंमत आणि वापरमूल्य यांपैकी जी अधिक असेल ती. वापरमूल्यासाठी भावी रोख प्रवाहाचा अंदाज करावा लागतो आणि तो अंदाज व्यवस्थापनच करते. मानकाची दुर्बल बाजू हीच.

पिक्चर ट्यूबचा धडा

पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूब व्यवसाय घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको व चीनमधील कारखाने त्यात होते. अवघ्या काही वर्षांत एलसीडी पडद्याने पिक्चर ट्यूबला बाजारातून हुसकावले. अशा वेळी कारखाना मोडलेला नसतो, यंत्रे फिरत असतात. पण वापरमूल्य संपत आलेले असते. धनको, पुरवठादार व कामगार यांच्यासमोर ताळेबंदाखेरीज दुसरा आरसा नसतो.

6 जून 2018 रोजी व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. समूहातील 13 कंपन्यांवरील मान्य दावे सुमारे 64,838 कोटी रुपयांचे होते, तर अवसायन मूल्य सुमारे 2,568 कोटी रुपये निघाले. दावा व मालमत्ता या भिन्न बाबी असल्याने संपूर्ण तफावतीस मूल्यक्षय म्हणता येणार नाही. पिक्चर ट्यूबखेरीज अन्य व्यवसायांतील कर्जेही त्यात होती. जून 2021 मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे 2,962 कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. अपील न्यायाधिकरणाने जानेवारी 2022 मध्ये ही मंजुरी रद्द केली.