सुरत : तापीकाठचे जुने बंदर आणि तेथील पंगत

मराठी वाचकाला सुरत प्रथम भेटते ती शालेय इतिहासाच्या पुस्तकात, आणि तीही लुटली जात असताना. त्यानंतर फारसे कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या गाडीतून तापीवरचा पूल ओलांडला की हिरे आणि साड्यांचे शहर मागे पडले, एवढीच नोंद प्रवाशाच्या मनात राहते. गोमंतकीयांनी तरी या शहराला एवढ्यावर सोडू नये. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत सुरतेचे भवितव्य अनेकदा गोव्यात बसून ठरवले जात असे आणि सुरतेच्या उत्कर्षाने गोव्यातील सत्तेची झोप उडत असे. शिवाय ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ भाग्यवंतालाच लाभते, अशी एक गुजराती म्हण आहे. तिचा पूर्वार्ध तपासून पाहण्यासाठी दोन-तीन दिवसांचा मुक्काम पुरतो.

किल्ला, कार्ताझ आणि मुघल सराई

शहर तापीच्या डाव्या तीरावर वसले आहे. समोरच्या तीरावरचे रांदेर त्याहून जुने. पोर्तुगीज प्रवासी बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी रांदेरचे वर्णन मलाक्का आणि पेगूपर्यंत व्यापार करणाऱ्या संपन्न मुसलमान व्यापाऱ्यांचे गाव असे केले आहे. सुरतेच्या वाढीस हातभार लावणारा मलिक गोपी हा त्याच काळातला. गुजरातच्या सुलतानाचा हा ब्राह्मण अमात्य पोर्तुगिजांशी सलोखा ठेवावा या मताचा होता आणि आल्बुकेर्कशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने बांधलेला गोपी तलाव आज डागडुजी होऊन सहलीचे ठिकाण बनला आहे.

सलोखा मात्र टिकला नाही. पोर्तुगिजांनी १५१२ मध्ये आणि पुन्हा १५३० मध्ये सुरत जाळली. दुसऱ्या वेळी रांदेरही सुटले नाही. चौक बाजारातील नदीकाठचा किल्ला हे त्याचेच उत्तर होय. सुलतान तिसरा महमूद याच्या आज्ञेवरून खुदावंद खानाने तो १५४० च्या दशकात उभारला. बांधकाम थांबवण्यासाठी पोर्तुगिजांनी पैसा देऊ केला होता, असे सांगितले जाते. महापालिकेने अलीकडे त्याचा जीर्णोद्धार करून आत संग्रहालय थाटले आहे. पाहण्याची सुरुवात येथूनच करावी.

१५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली आणि ती हजयात्रेचे मुख्य बंदर झाली. परंतु भूमीवर मुघलांचे राज्य असले, तरी समुद्रावर पोर्तुगिजांच्या परवान्याचे, म्हणजे कार्ताझचे, राज्य होते. खुद्द अकबराची आत्या गुलबदन बेगम हिला यात्रेला निघताना सुरतेत दीर्घ काळ खोळंबून राहावे लागले, ते या परवान्यापायी. हाजींसाठी १६४४ मध्ये, शहाजहानच्या काळात बांधलेली मुघल सराई किल्ल्यापासून जवळच आहे. तेथे आज महापालिकेचे मुख्यालय भरते. पावणेचारशे वर्षांची वास्तू रोजच्या कामकाजात जिवंत ठेवणे हा जतनाचा उत्तम मार्ग म्हणावा लागेल, जरी कमानीखालून वाहणारी वर्दळ आणि दुचाक्यांची गर्दी पाहून इतिहासप्रेमी थोडा हिरमुसतो.

पोर्तुगिजांचा सागरी दरारा जेथे प्रथम उघडपणे ढळला, ते सुंवाळीही याच जिल्ह्यात येते. १६१२ मध्ये तेथे टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज गलबतांना दाद दिली नाही आणि लगेच इंग्रजांना मुघल फर्मान मिळाले. १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द आझेवेदो स्वतः आरमार घेऊन आला, तोही अपयशी ठरला. आज सुंवाळीला फक्त वाळू आणि सुरूची झाडे दिसतात. तरीही गोव्याच्या उतरत्या काळाचा उगम शोधणाऱ्याने हा किनारा एकदा पाहावा.

दोन स्वाऱ्यांच्या खुणा

शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली आणि ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी केली. पहिल्या वेळी सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला आणि त्याने बोलणी करण्याच्या मिषाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजिराचा वार करण्याचा प्रयत्न केला. वीरजी व्होरासारख्या धनाढ्याची हवेली जळाली. इंग्रज आणि डच यांनी मात्र आपापल्या वखारी राखल्या. त्याच वर्षी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या चुन्या-दगडांत सुरतेचा पैसा आहे, असे मानले जाते. म्हणजे मालवणला गेलेल्या प्रत्येक गोमंतकीयाने सुरतेचा एक अंश पाहिलेलाच असतो.

या घटनेची खूण म्हणून सुरतेत दाखवण्यासारखे फारसे काही नाही. पहिल्या स्वारीच्या वेळी शहराला मातीचा कोट होता. पक्क्या विटांचा तट नंतर आला आणि तोही आता नाहीसा झाला आहे. येथे पाहुण्याने एक भान ठेवावे. आपल्याकडे ज्या पराक्रमाचा उल्लेख छाती फुगवून होतो, तो ज्या गल्ल्यांत घडला तेथील रहिवाशांच्या पूर्वजांना तो अग्नी आणि पळापळीच्या रूपाने भेटला. मुघल सत्तेच्या तिजोरीवर घाव घालणे ही राजनीती होती, हे खरेच. पण त्याची झळ कोणाला लागली हेही इतिहासाचेच अंग आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगता आल्या, तर भागळ ते चौक बाजार हा रस्ता अधिक चांगला समजतो.

मराठी माणसाची सुरतेतील पुढची पावले अगदी वेगळी आहेत. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षण खात्यात असताना दुर्गाराम मेहताजींसह १८४४ मध्ये ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. मुंबईच्या परमहंस सभेचे बीज तेथेच पडले. १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात टिळक व्यासपीठावर उभे असता भिरकावला गेलेला मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला आणि काँग्रेस दुभंगली. आज उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत फिरताना अहिराणी कानावर पडते. भुसावळकडून येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या कामासाठी येथे आली आणि स्थिरावली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत.

कातारगामच्या बाजूला इंग्रज आणि डच दफनभूमी आहेत. इंग्रज दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंचा घुमटाकार मकबरा आहे. १६६४ मध्ये वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन तो हाच. डच दफनभूमीतील भव्य अष्टकोनी वास्तूत हेंड्रिक व्हान रीड विसावला आहे. त्याचा मृत्यू १६९१ मध्ये झाला. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. त्या कामी मदत करणाऱ्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ चे, नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापले आहे. कोकणी छापील अक्षराच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. गोमंतकीयाला सुरतेत एकच जागा पाहायची असेल, तर मी हीच सुचवीन.

लोचा, घोटाळा आणि बाकीचे

सुरती जेवणाला ऋतूंचे बंधन आहे, म्हणून प्रवासाची तारीख पोटाला विचारून ठरवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. तेव्हा तापीकाठी अडाजणच्या बाजूला पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, मिळतो. तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि त्याचे वडेही करतात. उंधियूचाही हाच हंगाम. सुरती पापडी, कंद, रताळे, छोटी वांगी, मेथीची मुठिया आणि हिरवी लसूण यांचा हा मेळ तेलात सढळपणे शिजतो. आपल्या खतखत्याशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. भाज्यांची गर्दी तीच, पण तिरफळ आणि नारळाच्या जागी लसूण आणि तेल आले की पदार्थाचा स्वभावच बदलतो. संक्रांतीला उंधियू आणि जिलेबी घरोघरी असते. दक्षिणेकडे वलसाडच्या वाटेवर मडक्यात भाजलेले उंबाडियू मिळते; रायगडची पोपटी खाल्लेल्यास ते लगेच ओळखू येईल.

सकाळची न्याहारी लोचोची. खमणाचे पीठ बिघडले आणि त्यातून हा मऊ, चमच्याने खाण्याचा पदार्थ जन्मला, अशी कथा आहे. गुजरातीतला लोचो आणि मराठीतला लोचा एकच. वर तेल किंवा लोणी, शेव, कांदा आणि हिरवी चटणी येते; गरम असतानाच खावा. संध्याकाळी अंड्याचा ‘घोटालो’ असतो, तेव्हा नावे ठेवण्यात सुरतकरांचा हात कोणी धरू नये. नानपुरा आणि रांदेरची आलूपुरी, म्हणजे चपट्या छोट्या पुऱ्यांवर रगडा आणि कोकमाची चटणी, आपल्या सोलांची आठवण करून देते. ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या रांदेरच्या कुटुंबांनी तिकडून ‘खावसा’ आणला. रमजानच्या रात्री तो तेथील बाजारात खाण्यात मौज आहे. पावसाळ्यात सरसिया खाजा, डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी, पारशी घरांतून आलेले टोपलीतले पनीर आणि दाट ‘कोल्ड कोको’ यांपैकी जे सापडेल ते घ्यावे.

पावाविषयी दोन शब्द अधिक. डचांच्या भट्टीत काम करणाऱ्या पारशी बेकरांनी ती पुढे चालवली, अशी परंपरा सांगितली जाते. तो पाव ताडीवर फुगवलेला असे आणि त्यामुळे लवकर खराब होत नसे. उरलेला पाव सुकवून खारी बिस्किटे झाली. नानखटाईही याच भट्ट्यांची देणगी. सुरेवर पीठ फुगवणाऱ्या आपल्या पोदेराचा हा दूरचा भाऊबंदच आहे.

घरी आणायची ती घारी. मावा आणि सुक्या मेव्याचे सारण, वर तुपाचा थर. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सारे शहर गच्चीवर आणि रस्त्यावर बसून ती भुसूबरोबर, म्हणजे फरसाणाबरोबर, खाते. तात्या टोप्यांच्या सैनिकांना ती खिलवली होती, अशी आख्यायिका आहे.

कोकण रेल्वेवरून वसईमार्गे गुजरातेत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या मडगावहून सुरतेला नेतात. मुंबई सेंट्रलहून अंतर २६३ किलोमीटर आहे. गोव्याहून जाणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये : गुजरातेत दारूबंदी आहे. सामानात सहज ठेवलेली काजूफेणीची भेट तेथे गुन्हा ठरते. परप्रांतीय पर्यटकांसाठी परवान्याची सोय असली, तरी बाटली घरीच ठेवावी. परतीच्या वाटेवर वापीला उतरून दमणला जाता येते. ३० मे १९८७ पर्यंत ते आपल्याच केंद्रशासित प्रदेशाचा भाग होते आणि तेथील किल्ल्याच्या दारावरची पोर्तुगीज चिन्हे ओळखायला कोणा वाटाड्याची गरज पडत नाही.