टाकलेल्यांचे आडनाव : एस्पोसितो

आडनाव ऐकले की 'मूळचे कुठले?' हा प्रश्न मराठी माणसाच्या ओठांवर आपसूक येतो. आपल्या आडनावांच्या शेवटी असलेला 'कर' हा प्रत्यय या प्रश्नाला खतपाणी घालतो. गाव उजाड झाले, धरणाखाली गेले, पिढ्यान्‌पिढ्या कोणी तिकडे फिरकले नाही, तरी आडनावात ते गाव नांदत असते. इटलीतली बरीचशी आडनावे आपल्याला परकी वाटू नयेत अशीच आहेत. 'फेरारी' हा लोहाराच्या घरचा. 'रोस्सी' आणि 'रुस्सो' तांबूस केसांवरून किंवा वर्णावरून आलेले. 'रोमानो', 'लोम्बार्दी' गावाप्रांतावरून पडलेले. इटलीतल्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत मात्र एक असे आहे, की जे गाव सांगत नाही, धंदा सांगत नाही, रूपही सांगत नाही. जन्मल्यावर काही तासांतच एका अर्भकाच्या बाबतीत काय केले गेले, तेवढेच ते सांगते. ते आडनाव म्हणजे 'एस्पोसितो'.

समकालीन विचारविश्वाशी परिचय असलेल्यांना हे नाव रॉबेर्तो एस्पोसितो या तत्त्वचिंतकामुळे ठाऊक असेल. 'कोम्युनितास' (१९९८), 'इम्युनितास' (२००२) आणि 'बिओस' (२००४) या त्याच्या ग्रंथांतून समाज म्हणजे काय, आत कोण आणि बाहेर कोण, याची मूलगामी चर्चा येते. माझे कुतूहल प्रथम जागे झाले ते तिथेच. समूहाच्या सीमेवर आयुष्यभर लिहिणाऱ्या या नेपल्सच्या माणसाचे आडनावच मुळी 'बाहेर ठेवलेला' या अर्थाचे! यातून त्याच्या विचारांचा उगम शोधू लागणे हा अर्थातच पोरकटपणा ठरेल. त्या शहरात या नावाची माणसे पावलोपावली भेटतात. नेपल्समधले ते सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. लॅटिन 'एक्स्पोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणे, उघड्यावर मांडणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'एक्स्पोसितुस'. नको असलेले मूल घराबाहेर नेऊन ठेवण्याची प्रथा प्राचीन रोममध्ये होती आणि तिला हाच शब्द होता. प्रदर्शनाला आपण 'एक्स्पो' म्हणतो, त्याचेही मूळ हेच. आपल्या धर्मशास्त्रात पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले आहेत त्यांतील 'अपविद्ध' हा अर्थाने याच्या अगदी जवळचा : आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला. फरक आहे तो स्वीकारणाऱ्यात. अपविद्धाला उचलून घेणारा माणूस असतो, आणि तो आपले कुळ त्याला देतो. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. त्याला आडनाव मिळाले ते 'फुले'. नेपल्समध्ये मूल उचलून घेणारी एक संस्था होती. संस्थेला कुळ नसते, नोंदवही असते.

ही संस्था म्हणजे नेपल्सच्या जुन्या वस्तीतील आनुन्झियाता. तिची स्थापना चौदाव्या शतकातली. चर्च, रुग्णालय आणि टाकलेल्या मुलांचे आश्रयस्थान असा तिचा पसारा होता. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक झरोका होता आणि त्यात बसवलेले लाकडी फिरते नळकांडे. याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. बाहेरून मूल त्यात ठेवायचे, चाक फिरवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आत रात्रंदिवस कोणीतरी बसलेले असे. आतल्याला बाहेरचा चेहरा दिसू नये आणि बाहेरच्याला आतला, एवढ्यासाठीच ही सारी रचना होती. मूल आत आले की नोंदवहीत वेळ, अंदाजे वय, अंगावरची वस्त्रे, सोबतची चिठ्ठी किंवा खूण, सारे टिपले जाई. गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवला जाई. आणि नाव? बाप्तिस्म्याचे नाव एखाद्या संताचे. आडनावाच्या जागी 'एस्पोसितो', म्हणजे 'टाकलेला'. लोक या मुलांना 'मादोन्नाची मुले' म्हणत, आणि त्यात तुच्छतेपेक्षा माया अधिक असावी असे मला वाटते. संस्था मुलींच्या लग्नासाठी हुंडाही देई. पण वस्तुस्थिती निर्घृण होती. एकोणिसाव्या शतकात या चाकातून वर्षाला हजाराहून अधिक मुले आत येत, आणि दूध पाजणाऱ्या दायांच्या अभावी, रोगराईने, त्यांतली बहुसंख्य पहिला वाढदिवसही पाहत नसत.

हे चाक काही नेपल्सचे एकट्याचे नव्हते. इटलीतल्या प्रत्येक मोठ्या शहराने टाकलेल्या मुलांसाठी आपापले आश्रयस्थान काढले आणि आपापले आडनावही. मिलानच्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथली मुले 'कोलोम्बो'. फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेली, १४१९ मध्ये बांधायला घेतलेली आणि १४४५ मध्ये सुरू झालेली 'निष्पापांची' इमारत. म्हणून तिथे 'इन्नोचेन्ती'. रोममध्ये 'प्रोयेत्ती', फेकलेले. सिसिलीत 'त्रोवातो', सापडलेला. एकच घटना, पण एक शहर टाकण्याची कृती ध्यानात ठेवते, दुसरे सापडण्याची, तिसरे मुलाच्या निरागसतेची. भाषेच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. आपल्याकडे 'टाकलेली' हा शब्द मुलासाठी वापरतात त्याहून अधिक बाईसाठी वापरतात, हे त्याला या निमित्ताने आठवल्यावाचून राहणार नाही.

व्हेनिसची तऱ्हा तर सर्वांहून न्यारी. तिथल्या पिएता या आश्रयस्थानात विवाल्दी संगीत शिकवी. तिथल्या मुलींना आडनाव नसे. त्या ज्या वाद्यात प्रवीण त्यावरून त्यांची ओळख पडे. अठराव्या शतकात युरोपभर कीर्ती झालेली 'आन्ना मारिया दाल व्हिओलिन' ही त्यांतलीच. कुळाच्या जागी वाद्य! (आपल्याकडच्या बीनकार, सतारिये यांच्यापेक्षा हे निराळे; तिथे वाद्य वारशाने येत होते.)

एस्पोसितो या नावाला जो कलंक चिकटला होता तो राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आला. नेपोलियनचा मेहुणा जोआकीम म्यूरा नेपल्सच्या गादीवर असताना (१८०८–१८१५) टाकलेल्या मुलांना हे आडनाव देण्यास बंदी झाली. त्यानंतर संस्थेचे कारकून प्रत्येक मुलाला नवनवे आडनाव बनवून देऊ लागले. चाक मात्र चालूच राहिले. ते बंद झाले १८७५ मध्ये. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर एक निष्कर्ष निघतो, आणि पुढच्या साऱ्या विवेचनात तो महत्त्वाचा आहे. आजच्या एस्पोसितो घराण्याचा जो पूर्वज चाकातून आत आला, तो बहुधा दोनशे वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना. म्यूरानंतर टाकलेल्या मुलांचे वंशज आज कुठल्याशा साध्यासुध्या आडनावाखाली वावरत असतील, आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसेल. कलंक पुसण्याचा उपाय नव्यांना लागू झाला. जुन्यांकडे नाव राहिले आणि ते पोराबाळांनिशी वाढत गेले.

म्हणूनच, कलंक लपवण्यासाठी एस्पोसितो मंडळी समुद्रापार पळाली, ही जी कथा वारंवार सांगितली जाते ती मला पटत नाही. १८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे बाहेर पडली. एकट्या १९१३ साली आठ लाखांहून अधिक. दक्षिणेतल्या शेतमजुराला हाकलणारी कारणे उघड होती : जमीन थोडी, कर जबर, मजुरी तुटपुंजी. जहाज नेपल्सच्या बंदरातून सुटे. नेपल्स आणि आसपासचा कांपानिया प्रांत हेच एस्पोसितोंचे आगर असल्यामुळे ते त्या लोंढ्यात मोठ्या संख्येने असणे स्वाभाविक होते. तोवर ते टाकलेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतले, भरल्या घरातले लोक होते.

दुसरी लोककथा एलिस बेटाची. न्यूयॉर्कच्या त्या तपासणी नाक्यावर (ते १८९२ मध्ये सुरू झाले) अधिकारी मनाला येईल तशी आडनावे बदलत, असा समज अमेरिकेतल्या कित्येक घरांत आहे. प्रत्यक्षात अधिकाऱ्यापुढे जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरात तयार केलेली यादी असे आणि तो तीच पडताळून पाही. बदल झाले ते मागाहून, शाळेत, कारखान्यात, आणि पुष्कळदा स्वेच्छेने. अक्षर टिकले, उच्चार मात्र गेला. मूळ नावात आघात 'पो'वर आहे; अमेरिकेत तो सरकून 'सि'वर आला आणि 'सि' दीर्घ झाला. नेपल्सच्या माणसाला ते नाव ऐकून आपले वाटणार नाही. पण या सरकण्याने एक गंमत झाली : शब्दाचा अर्थच ऐकू येईनासा झाला. इटलीत कोणालाही या नावात 'टाकलेला' हा शब्द ऐकू येतो; न्यूयॉर्कमध्ये ते नुसते एक इटालियन नाव. कॅनडातील ओंटारिओच्या सू सेंट मेरी या गावात जन्मलेले फिल आणि टोनी एस्पोसितो हे भाऊ आइस हॉकीचे नामांकित खेळाडू झाले. जियानकार्लो एस्पोसितो हा अभिनेता १९५८ मध्ये कोपनहेगनला नेपल्सच्या बापापोटी आणि आफ्रिकन-अमेरिकन गायिकेपोटी जन्मला. यांची नावे घेताना भिंतीतला झरोका कोणाला आठवतो?

अर्जेंटिनाची गोष्ट मात्र वेगळी आणि माझ्या मते अधिक विलक्षण. तिथे हे नाव पोहोचण्याआधीच त्याचे जुळे भावंड हजर होते. स्पेनमध्येही टाकलेल्या मुलांना हेच नाव मिळे, पण 'एक्स्पोसितो' असे, लॅटिनमधला 'क्स' राखून. (हे आडनाव बदलून घेण्याची मुभा स्पेनने १९२१ मध्ये दिली.) ब्वेनोस आयरेसला व्हाइसरॉय व्हेर्तिसने १७७९ मध्ये टाकलेल्या मुलांचे गृह काढले. त्याच्या खर्चाची सोय म्हणून कोर्दोबाहून जेझुइटांचा पडून राहिलेला छापखाना आणवला आणि १७८० पासून तो गृहासाठी चालवला. 'टाकलेल्या मुलांचा छापखाना' हेच त्याचे नाव. १८०१ चे 'तेलेग्राफो मेर्कान्तील' आणि १८१० चे, क्रांतीचे मुखपत्र ठरलेले 'गासेता दे ब्वेनोस आयरेस' याच छापखान्यातून निघाले. एखाद्या शहराच्या मुद्रणसंस्कृतीच्या पहिल्या पानांवर असे नाव असावे, याचे अप्रूप साहित्याच्या माणसाला वाटणारच.

अशा देशात इटलीचे एस्पोसितो उतरले. स्पॅनिश लेखननियमाने त्यांच्या 'पो'वर आघातचिन्ह चढले, त्यामुळे उत्तर अमेरिकेत हरवलेला उच्चार इथे टिकला. अर्थही टिकला, कारण शेजारच्या भाषेत तोच शब्द होता. टँगोचा श्रेष्ठ गीतकार ओमेरो एक्स्पोसितो (१९१८–१९८७) आणि त्याचा संगीतकार भाऊ व्हिर्खिलिओ हे 'क्स'वाले. हुआन होसे काम्पानेयाच्या २००९ च्या 'एल सेक्रेतो दे सुस ओखोस' या चित्रपटाचा नायक बेन्हामिन एस्पोसितो हा 'स'वाला. एदुआर्दो साचेरीच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे तिच्यात नायकाचे आडनाव 'चापार्रो' आहे. पडद्यावर येताना ते बदलले. ज्या वरिष्ठ स्त्रीवर तो मुकाट्याने प्रेम करतो तिचे आडनाव 'मेनेन्देस हेस्टिंग्ज' असे दुहेरी आणि भारदस्त. तिच्याशेजारी 'एस्पोसितो' हा एक शब्द उभा केला, की दोघांतले अंतर अर्जेंटिनाच्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता नकाशाकडे वळू. आडनावांचे भौगोलिक वितरण दाखवणारे नकाशे हल्ली सहज उपलब्ध असतात. ठिपक्यांची दाटी पाहून घराण्याचे उगमस्थान सांगावे, असा त्यांचा रिवाज. एस्पोसितोच्या नकाशात कांपानियात गर्द दाटी. विसाव्या शतकाच्या मध्यात कारखान्यांकडे गेलेल्या मजुरांमुळे मिलान-तोरिनोकडे दुसरी, विरळ. मग समुद्रापलीकडे न्यूयॉर्क, ब्वेनोस आयरेस. माणसांचा प्रवास नकाशा खरा दाखवतो. पण घराणे? इथे घराणेच नाही. दोन शेजारी एस्पोसितो कुटुंबांत रक्ताचे नाते असण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्यात समान आहे ते एक दार. वंशवृक्ष शोधू पाहणारे मागे जात जात त्या नोंदवहीपाशी येऊन थांबतात.

नकाशा आणखी एक गोष्ट दाखवत नाही. इटलीत आडनाव बापाकडून मुलाला जाई. आईवडील दोघांचेही आडनाव हाच नियम, असा निर्णय तिथल्या घटना न्यायालयाने दिला तो २०२२ मध्ये. म्हणजे चाकातून आत आलेल्या ज्या मुली जगल्या, लग्न करून संसारी झाल्या, त्यांचे एस्पोसितो हे नाव त्यांच्याबरोबर संपले. आजचे ठिपके आहेत ते फक्त जगलेल्या मुलग्यांचे. आणि ज्यांनी चाक फिरवले त्या स्त्रिया तर कुठल्याच नकाशावर नाहीत. डेव्हिड कर्त्झर या इतिहासकाराने आपल्या १९९३ च्या ग्रंथात, विशेषतः बोलोन्याच्या कागदपत्रांवरून, दाखवले आहे, की अविवाहित मातांवर मूल देऊन टाकण्याची सक्ती होत असे, आणि हे सारे अब्रूच्या नावाखाली. त्याच मातांना मग अनाथालयात दुसऱ्यांच्या मुलांना दूध पाजायला बसवीत. नेपल्समध्ये गरिबीने गांजलेली विवाहित जोडपीही मूल ठेवून जात. 'टाकलेला' हे कर्मणी रूप आहे. त्याच्यात कर्ता लागत नाही. व्याकरणाची ही सोय समाजाला फारच सोयीची ठरली.

इटलीच्या २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमात एक कलम आहे. ज्याचे आईबाप अज्ञात आहेत अशा मुलाला त्याच्या जन्माची कथा उघड होईल असे नाव वा आडनाव देता येणार नाही. तसेच इतिहासप्रसिद्ध किंवा त्या भागातल्या सुपरिचित घराण्याचे आडनावही देता येणार नाही. नेपल्सच्या नोंदणी कारकुनापुढे आज असे मूल आले, तर 'एस्पोसितो' त्याला देता यायचे नाही. बाकी त्याच्या कचेरीबाहेर रांगेत उभे असलेल्यांत त्या नावाचे दोघे-तिघे सहज निघतील.