दोन चाकें आणि वर्णभेद



संध्याकाळची वेळ आहे, पन्नास-साठ सायकली रस्त्यानें सावकाश चालल्या आहेत, पुढचा मनुष्य घंटा वाजवीत आहे आणि मागच्यांच्या गप्पा रंगल्या आहेत, असें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणा. यांत कोणाला राग येण्यासारखें काय आहे, असेंच आपणांस वाटेल. सायकल धूर सोडीत नाहीं, कर्णा फुंकीत नाहीं. तथापि अमेरिकेंतील एका शहरांत सायकलींसाठीं रस्ता रुंदावण्याची गोष्ट निघतांच तेथल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीनें ती आपल्यावरील आघात मानली. आणि त्याच देशांतील दुसऱ्या एका शहरांत हजारों सायकली वस्तीवस्तींतून जात असतांना त्याच वर्णाचे लोक ओट्यावर येऊन हात हालवितात. चाक तेंच, रस्ता तसाच. मग हा फरक कां पडावा? याचें उत्तर सायकलींत नाहीं, इतिहासांत आहे. आणि तो इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे. मिरवणूक कोणाच्या दारावरून न्यावी आणि कोणाला विचारून न्यावी, या प्रश्नाचें मर्म आपल्या लोकांना निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

हा विषय अगदींच परका आहे असेंहि कोणी मानूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांना दास्यांतून सोडविण्यासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केलें होतें. अमेरिकेंतील दास्य १८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन कायद्यानें संपलें. परंतु पायांतली बेडी तुटली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला, असें नव्हे. तो किती अडलेला होता, हें या दोन चाकांच्या वाहनाच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें.

१८८० सालीं न्यूपोर्ट येथें अमेरिकेंतील सायकलस्वारांचा एक संघ स्थापन झाला. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ असें त्याचें नांव. त्या वेळीं तेथील रस्ते म्हणजे पावसाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत धूळ. सरकारनें चांगले रस्ते बांधावेत म्हणून या संघानें मोठी चळवळ केली, आणि मोटारींचें युग येण्यापूर्वींच लोकमत जागें केलें. पुढें हवा भरलेल्या टायरची, दोन सारख्या चाकांची सायकल निघाली, तिचें सर्वांना वेडच लागलें आणि १८९८ च्या सुमारास संघाच्या सभासदांची संख्या एक लाखावर गेली. अशा या संघानें फेब्रुवारी १८९४ मध्यें लुईव्हिल येथील अधिवेशनांत सभासदाच्या पात्रतेच्या कलमांत ‘गोरा’ हा एक शब्द घातला. ठरावाच्या बाजूनें १२७ मतें पडलीं व विरुद्ध ५४. सार्वजनिक रस्त्यांसाठीं झगडणाऱ्या संघानेंच आपला दरवाजा असा लावून घेतला! मध्यंतरीं हा संघ क्षीण झाला, बंद पडला, पुन्हा उभा राहिला, त्याचें नांवहि बदललें. पण हें कलम विधिपूर्वक रद्द झालें तें १९९९ सालीं.

या कलमाचा पहिला गाजलेला प्रसंग एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीवर आला. तिचें नांव किटी नॉक्स. ती बॉस्टनच्या बाजूची. तिचा बाप कृष्णवर्णीय, आई गोरी. १८९३ सालीं, म्हणजे तें कलम येण्यापूर्वीं, ती संघाची सभासद झाली होती. जुलै १८९५ मध्यें ॲसबरी पार्क येथें संघाचा मेळावा भरला, तेथें ती आपलें सभासदपत्र घेऊन हजर झाली. तिला आंत घ्यावें कीं न घ्यावें यावरून वाद माजला आणि तो देशभरच्या वर्तमानपत्रांत गेला. नवा नियम मागील सभासदांना लागत नाहीं, असें शेवटीं संघाला सांगावें लागलें. ही मुलगी स्वतः शिवलेला विजारीचा पोषाख घालून सायकल चालवी, तिचें चालविणें डौलदार होतें, अशी त्या वेळचीं पत्रें साक्ष देतात. १९०० सालीं ती ऐन पंचविशींत वारली.

दुसरें नांव मार्शल टेलर याचें. लोक त्याला ‘मेजर’ टेलर म्हणत. १८७८ सालीं इंडियानापोलिस येथें त्याचा जन्म झाला. १८९९ सालीं माँट्रियल येथें एक मैलाच्या शर्यतींत तो जगज्जेता ठरला, तेव्हां त्याला एकविसावें वर्ष चालू होतें. परंतु शर्यतीच्या मैदानावर त्याला दोन शर्यती एकदम खेळाव्या लागत. एक वेगाची, आणि दुसरी कट करून आपल्याला कोंडींत धरणाऱ्या गोऱ्या स्पर्धकांशीं. १८९७ सालीं टाँटन या गांवीं शर्यत संपल्यावर एका स्पर्धकानें त्याचा गळा दाबून त्याला बेशुद्ध केलें. पुढें त्यानें वूस्टर शहरांत चांगल्या वस्तींत एक घर घेतलें, तर शेजाऱ्यांनीं अधिक पैसे देऊं करून तें त्याच्याकडून परत घेण्याची खटपट केली. टेलर तेथून हलला नाहीं. पण जगज्जेत्याचीहि ही कथा, मग सामान्यांची काय होत असेल, हें श्रोत्यांनींच ताडावें. युरोपांत आणि ऑस्ट्रेलियांत त्यानें कीर्ति मिळविली. रविवारीं मात्र तो धर्मबुद्धीनें शर्यतींत उतरत नसे. १९३२ सालीं चिकागोंत धर्मार्थ रुग्णालयांत त्याचा अंत झाला. पुरलें तें बेवारशी म्हणून. १९४८ सालीं जुन्या सायकलपटूंनीं त्याचा देह तेथून काढून सन्मानानें दुसऱ्या जागीं नेला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. सायकल ही गोऱ्यांची हौस, कृष्णवर्णीयांना ती आतां कोठें शिकवावयाची आहे, अशी समजूत कित्येक भल्या माणसांचीहि असते. ती खोटी आहे. १८९७ सालीं पंचविसाव्या पायदळ पलटणींतील वीस कृष्णवर्णीय शिपाई एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं सायकलींवरून निघाले. १४ जूनला माँटाना प्रांतांतील मिझूला सोडून २४ जुलैला ते सेंट लुईसला पोंचले. अंतर सुमारें १९०० मैल. डोंगर, बर्फ, वाळू, कडक ऊन, हें सर्व त्यांनीं शिबंदीचें ओझें सायकलीवर लादून पार केलें. १९२८ सालीं ईस्टरच्या सुटींत पांच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यूयॉर्कहून निघून तीन दिवसांत अडीचशें मैल चालवीत वॉशिंग्टनला गेल्या. ज्यांना संघांत जागा नव्हती त्यांनीं रस्ता सोडला नव्हता.

आतां रस्त्यावरून घरांकडे वळूं. कारण फेरी रस्त्यानें जाते, पण पाहणारा आपल्या दारांत उभा असतो. १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकन सरकारनें घरांच्या कर्जासाठीं शहरांचे नकाशे करविले. ज्या वस्त्या धोक्याच्या समजल्या त्यांना तांबडा रंग दिला. आणि कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे बहुधा तांबडा रंग ठरलेला. तेथें कर्ज मिळणें दुरापास्त, म्हणून घरें मोडकळीला आलीं. आणि घरें मोडकळीला आलीं म्हणून पुढें तीं पाडण्याला कारण मिळालें. डेट्रॉइट शहरांत १९४१ सालीं गोऱ्यांच्या नव्या घरांना सरकारी विम्याचें कर्ज मिळावें एवढ्यासाठीं कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या कडेनें अर्धा मैल लांबीची सिमेंटची भिंत घातली गेली. ती भिंत अद्याप उभी आहे. त्याच शहरांत हेस्टिंग्ज स्ट्रीट हा कृष्णवर्णीयांच्या दुकानांनीं आणि गाण्याबजावण्यानें गजबजलेला रस्ता होता. १९५० नंतर मोटारींचा मोठा मार्ग काढण्यासाठीं तो पुसून टाकण्यांत आला. ‘सुधारणा’ हा शब्द या लोकांच्या कानीं पडला तो बहुधा घर पाडणाऱ्यांच्या तोंडून.

असेंच ओरेगन प्रांतांतील पोर्टलँड शहरीं झालें. तेथील घरांच्या दलालांच्या मंडळानें १९१९ सालींच, गोऱ्यांच्या वस्तींत कृष्णवर्णीयांना घर विकूं नये असा आपल्या धंद्याचा नीतिनियम केला होता. दुसऱ्या महायुद्धांत जहाजें बांधण्यासाठीं हजारों मजूर आले, त्यांच्यासाठीं नदीकांठीं व्हॅनपोर्ट नांवाचें गांव वसविलें. ३० मे १९४८ रोजीं बांध फुटून तें गांव वाहून गेलें. सुमारें साडेअठरा हजार लोक बेघर झाले. त्यांतील तिसरा हिस्सा कृष्णवर्णीयांचा. त्यांना थारा मिळाला तो अल्बिना नांवाच्या एकाच भागांत. पुढें त्या भागांतूनच मोठा रस्ता गेला, तेथेंच खेळांचें भव्य सभागृह झालें, आणि १९७० च्या सुमारास एका रुग्णालयाच्या विस्तारासाठीं घरें आणि दुकानें पाडलीं गेलीं. इतक्यांत सरकारी पैसा आटला, आणि ती जागा कित्येक वर्षें तशीच ओसाड पडली.

याच भागांतून नॉर्थ विल्यम्स हा रस्ता जातो. १९९० नंतर जुन्या वस्तींत नव्या, बहुतेक गोऱ्या, लोकांची रीघ लागली, भाडीं चढलीं, जुनीं कुटुंबें दूर गेलीं. २०११ च्या सुमारास या रस्त्यानें दररोज सुमारें तीन हजार सायकली जात. बसगाड्या आणि सायकली एकमेकींच्या आड येत असल्यामुळें नगरपालिकेनें रस्त्याची फेरआखणी काढली. विचारासाठीं जी समिति नेमली तींत गोऱ्यांचाच भरणा होता. तेव्हां जुन्या रहिवाशांनीं विचारलें कीं, आमचीं मुलें हा रस्ता ओलांडीत होतीं, तेव्हां सुरक्षिततेची मागणी आम्हीहि केली होती. तेव्हां पैसा नव्हता. आज तुम्ही आलांत आणि पैसा कसा निघाला? प्रश्न सायकलीवर नव्हता. तो मागच्या पन्नास वर्षांवर होता. सायकलस्वारांचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. अपघात टळावेत, ही इच्छा निर्दोषच. पण निर्दोष इच्छा दुसऱ्याच्या जखमेवरून चालत गेली, तर तिचा पाय लागतोच.

नगरपालिकेला श्रेय द्यावयाचें तें याचें कीं, तिनें काम थांबविलें, समिति वाढविली आणि वर्णभेदाची गोष्ट सभेंत उघड बोलूं दिली. २०१२ सालीं निर्णय झाला: सायकलींचा पट्टा रस्त्याच्या डाव्या कडेला न्यावा, म्हणजे उजवीकडे थांबणाऱ्या बसगाड्यांशीं त्यांची गांठ पडणार नाहीं. पुढें त्या रस्त्यालगत जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचा इतिहास सांगणाऱ्या कलाकृति उभारल्या गेल्या. गेलेलीं घरें त्यामुळें परत आलीं नाहींत. परंतु तीं होतीं, एवढें तरी रस्त्यानें जाणाऱ्याला कळूं लागलें.

रस्त्यावरचा न्याय आणखी एका ठिकाणीं मोजतां येतो. चिकागो येथील एका प्रमुख दैनिकानें २०१७ सालीं सायकलस्वारांना झालेल्या पोलिसी दंडांचा हिशेब काढला. सर्वांत अधिक दंड झालेल्या दहा विभागांपैकीं सात कृष्णवर्णीयांचे व तीन लॅटिन अमेरिकन लोकांचे निघाले. गोऱ्यांच्या बहुसंख्येचा एकहि नाहीं. कित्येकांचा गुन्हा इतकाच कीं, ते पदपथावरून सायकल नेत होते. जेथें रस्त्यावर सायकलीला सुरक्षित पट्टा नाहीं, तेथें भिणारा मनुष्य पदपथावरच चढणार! ज्या मुलाला सायकलीवर पाहतांच पोलीस थांबवितो, त्याच्या दारावरून शंभर अनोळखी माणसें सिग्नल मोडीत, हंसत-खिदळत निघून गेलीं, तर त्याच्या मनांत काय येईल? सॅन फ्रॅन्सिस्को येथें सप्टेंबर १९९२ मध्यें सुरू झालेल्या ‘क्रिटिकल मास’ या फेऱ्या जगभर पसरल्या. त्यांत चौक अडवून सर्व घोळका एकदम पुढें काढण्याची चाल आहे. मोटारींच्या जुलमाविरुद्ध ती चाल असेल. पण ती निर्धास्तपणें करतां येणें, हेंहि एक सुख आहे, आणि तें सर्वांना सारखें वांटलेलें नाहीं.

आतां डेट्रॉइटकडे परत येऊं, जेथें ती भिंत आहे. तेथें २०१० सालीं जेसन हॉल आणि माइक मॅकूल या दोघांनीं सोमवारच्या संध्याकाळीं ‘स्लो रोल’ नांवाची फेरी सुरू केली. आरंभीं मूठभर मित्र. कांहीं वर्षांत हजारों माणसें. वेग मुद्दाम मंद, म्हातारा-पोर कोणीहि यावें, आणि वाट प्रत्येक वेळीं शहराच्या निराळ्या भागांतून. १९५० सालीं साडेअठरा लाख वस्ती असलेलें हें शहर २०२० सालीं सहा लाख चाळीस हजारांच्या आंत आलें होतें. आणि उरलेल्यांत कृष्णवर्णीयच फार मोठ्या संख्येनें आहेत. येथें फेरी काढणाऱ्यांत त्याच शहराचीं, त्याच वर्णाचीं माणसें पुढें आहेत. फेरींत चालणारा आणि ओट्यावरून पाहणारा एकमेकांना ओळखतात. कोलंबस शहरांत १९७९ सालीं मेजर टेलरच्या नांवानें कृष्णवर्णीयांचा सायकल-संघ निघाला, ओकलंडमध्यें २००७ सालीं ‘रेड, बाइक अँड ग्रीन’ ही चळवळ निघाली. त्यांचेंहि बळ यांतच आहे.

तेव्हां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला असें दिसतें. रस्ता सर्वांचा आहे, हें कायद्यानें खरें. परंतु ज्याला तो शंभर वर्षें नाकारला गेला, त्याला तें पुस्तकांत वाचून पटत नाहीं. तें पटवून देण्याचें काम नव्यानें येणाऱ्याचें आहे. त्यानें आधीं विचारावें, मागितलेलें कोणाला दिलें नव्हतें तें जाणून घ्यावें, आणि ज्यांचें दार आहे त्यांना फेरीच्या पुढें चालूं द्यावें. घंटा मागाहून वाजविली तरी चालेल. माझ्या वर्गांत नवा मुलगा आला म्हणजे मी जुन्या मुलांना जागा करून द्यावयास सांगत असें. पण जागा देणाऱ्याची स्वतःची जागा कोणी हिसकावून घेतली नाहीं ना, हें मला प्रथम पाहावें लागे. अमेरिकेच्या या रस्त्यांवरहि तोच हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.