चांदीच्या कणावरील आवरणाची कुळकथा

पिंपरीच्या माळावर १९५४ साली केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन केला, तेव्हा बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन जंतूंचा कायमचा बंदोबस्त करील ही उमेद गैरवाजवी नव्हती. परंतु जंतू औषधांना दाद देईनासे झाले आणि वैद्यकाला ज्या पुरातन द्रव्यांचे पुन्हा स्मरण झाले, त्यांत चांदी अग्रभागी होती.

चांदीचा जंतुनाशक प्रभाव तिच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांत असतो, म्हणून कण जितका सूक्ष्म तितका तो प्रभावी. मात्र असे कण परस्परांना चिकटून त्यांचा साका होतो. १८८९ साली फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू कॅरी ली याने सिट्रेटच्या योगाने चांदीचे कलिल सिद्ध केले; त्यात सिट्रेटचे आवरण कणांना परस्परांपासून अलग राखते. आवरणाचे मूळ काम हे एवढेच, राखणदारीचे.

या कुळाची मला सर्वांत मोलाची वाटणारी शाखा पिंपरीपासून फार दूर नसलेल्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फुटली. मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम’ ही बुरशी, जिच्या एका प्रकाराने आपल्याकडील हरभऱ्याला मर लागते, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली; २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात ५ ते १५ नॅनोमीटरचे कण तर मिळालेच, शिवाय बुरशीने स्रवलेली प्रथिनेच त्यांना स्थैर्य देत असल्याचे आढळले, म्हणजे आवरणाची निराळी तजवीज करावीच लागली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातूनही असे कण मिळवले.

राखणदाराच्या हाती खरा अंमल आहे, हे यथावकाश ध्यानी आले. जंतूचा बाह्यभाग ऋणभारित असल्याने सिट्रेटचे ऋणभारित आवरण त्याच्यापासून दूर लोटले जाते, उलट कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचे धनभारित आवरण त्याला बिलगते. आणि आवरण फाजील दाट झाले तर प्राणवायू चांदीपर्यंत न पोचल्याने आयनच सुटत नाहीत. जखमेत तर रक्तद्रवातील प्रथिने कणावर आपले स्वतंत्र आवरण चढवतात व क्लोराइड सुटलेली चांदी क्षाररूपाने अडकवते, सबब काचेच्या बशीतील निष्कर्षावर विसंबून न राहता प्रत्येक नव्या आवरणाची परीक्षा रक्तद्रव मिसळलेल्या माध्यमातही घेतली पाहिजे.