निर्यातबंदी आणि संसद

परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ च्या कलम ३ अन्वये केंद्र सरकार राजपत्रातील आदेशाद्वारे कोणत्याही मालाची निर्यात रोखू शकते. असा आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावा लागतो. दोन्ही सभागृहे सहमत असल्यास तो रद्द होतो. तोवर झालेली कारवाई मात्र वैधच राहते. म्हणजे अंमल आधी, छाननी मागाहून.

७ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा हिवाळी अधिवेशन चालूच होते. तरी सभागृहाची पूर्वसंमती आवश्यक नव्हती. दुसऱ्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी. वाणिज्यविषयक स्थायी समिती अधिकाऱ्यांना पाचारण करते, अहवालही देते. पण तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.