दुखापत दिसली तरच खरी?

ॲलेक्स स्मिथ हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो १६ वर्षे होता. या काळात त्याला तीन मोठ्या दुखापती झाल्या: आधी खांद्याला, मग डोक्याला आणि शेवटी पायाला. खांदा दुखावला तेव्हा लोकांनी त्याला नाजूक ठरवले. डोक्याला मार लागला तेव्हा त्याची संघातली जागा गेली. पाय मोडला तेव्हा मात्र त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. माणूस तोच होता, सोसण्याची ताकदही तीच होती. मग फरक कशात होता? तिसरी दुखापत सगळ्यांना डोळ्यांनी दिसली, एवढाच.

ही गोष्ट खेळाची असली तरी ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग दुखतंय कसं?’ हे वाक्य ज्यांनी घरी किंवा ऑफिसात ऐकले आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रामुख्याने हातात धरून पळतात किंवा फेकतात. प्रत्येक डावपेचात चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. तो कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते आणि तेवढ्या वेळात शंभर किलोंच्या वरचे गडी त्याला आडवे करायला धावून येत असतात. संघ जिंकला तर हार त्याच्या गळ्यात, हरला तर खापर त्याच्या डोक्यावर. सामना साधारण आठवड्यातून एकच असतो. उरलेले दिवस टीव्ही आणि रेडिओवर त्या सामन्याचा काथ्याकूट चालतो आणि त्या चर्चेचा लाडका विषय असतो क्वार्टरबॅक.

२००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फोर्टीनायनर्स’ संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत पहिला म्हणून स्मिथला घेतले. तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्याच निवडीत ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक २४व्या क्रमांकावर ग्रीन बे संघाकडे गेला आणि पुढे फार मोठा खेळाडू झाला. ‘चुकीचा माणूस निवडला’ ही चर्चा स्मिथला वर्षानुवर्षे पुरली. पहिल्या हंगामात त्याने गुण मिळवून देणारी एकच फेक केली आणि त्याच्या ११ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या. पहिल्या चार वर्षांत आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक दरवर्षी बदलत गेले. पण तेवढ्या खोलात कोण जातो? फुसका बार म्हणून त्याच्यावर शिक्का बसला.

खांदा: ‘एवढे काय त्यात!’

३० सप्टेंबर २००७ रोजी सिॲटलविरुद्धच्या सामन्यात स्मिथ उजव्या खांद्यावर आपटला. चेंडू फेकायचा हात तोच. गळपट्टीचे हाड जिथे खांद्याच्या टोकाला जोडलेले असते, तो सांधा सुटला. या दुखापतीच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत लिगामेंट म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे नुसते ताणले जातात. तिसरीत ते पूर्ण तुटतात आणि हाडाचे टोक वर उचलले जाते. स्मिथची दुखापत तिसऱ्या पायरीची होती.

चार आठवड्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला. फेकी नीट पडेनात. खांदा दुखतो आहे आणि त्याचा परिणाम फेकीवर होतो आहे, असे त्याने उघडपणे सांगितले. मुख्य प्रशिक्षक माइक नोलन यांचे जाहीर बोलणे मात्र वेगळ्या सुराचे होते. खराब खेळाचे कारण खांदा आहे, हे त्यांना मान्य नव्हते. माध्यमांना आयता विषय मिळाला: हा खरोखर दुखावला आहे की सबबी सांगतो आहे? डिसेंबरमध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी खांद्याने पुन्हा दगा दिला, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि २००८ चा पूर्ण हंगाम हातचा गेला.

इथे वैद्यकीय बाजू समजून घेऊ. एक्स-रेमध्ये हाड दिसते, वेदना दिसत नाही. वेदना मोजणारे यंत्र अजून कुणी काढलेले नाही. त्यामुळे आम्ही डॉक्टरसुद्धा रुग्णाला ‘शून्य ते दहामध्ये किती?’ असेच विचारतो आणि तो सांगेल तो आकडा लिहून घेतो. दुसरे असे की सांधा दुखत असला की मेंदू त्याच्या आसपासच्या स्नायूंना आपोआप लगाम घालतो. त्यांना पूर्ण जोर लावू देत नाही. हे शरीराचे संरक्षण आहे, मनाचा कमकुवतपणा नाही. अशा वेळी माणसाने कितीही दात-ओठ खाल्ले तरी हाताची हालचाल पूर्वीसारखी होत नाही.

स्मिथ यात एकटा नव्हता. जानेवारी २०११ मध्ये शिकागोचा क्वार्टरबॅक जे कटलर गुडघ्याच्या दुखापतीमुळे मोठा सामना अर्धवट सोडून बाजूला बसला. सामना चालू असतानाच इतर संघांतल्या खेळाडूंनी ट्विटरवर त्याच्या हिमतीवर शंका घेतली. कॅमेऱ्यात तो उभा दिसत होता, थोडा चालतानाही दिसत होता, म्हणजे याला झाले काय? दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटला दुखापत असल्याचे स्पष्ट झाले. अशा दुखापतीत माणूस सरळ रेषेत चालू शकतो. पाय रोवून अंग वळवायची वेळ आली की गुडघा दगा देतो. फेक करताना नेमके तेच करावे लागते.

डोके: खरे सांगितले आणि जागा गेली

२०११ मध्ये नवे प्रशिक्षक जिम हार्बो आले आणि स्मिथचा खेळ बहरला. संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत गेला. २०१२ मध्ये तर तो कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ करत होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सेंट लुइसविरुद्ध डोक्याला मार लागला. नजर धूसर झाली. तशातही तो काही काळ खेळला, त्याने एक यशस्वी फेकही केली. मग त्याने दिसत नसल्याचे सांगितले आणि त्याला बाहेर काढण्यात आले.

मेंदूला बसलेल्या अशा धक्क्याला कन्कशन म्हणतात. कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ बिघडते. डोके दुखते, गरगरते, उजेड सहन होत नाही, विसरायला होते, चिडचिड होते. सीटी स्कॅन मात्र बहुधा नॉर्मल येतो, कारण स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाची चीर दिसते, पेशींच्या कामातला बिघाड दिसत नाही.

या न दिसणाऱ्या दुखापतीचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. अमेरिकन फुटबॉल लीगने १९९४ मध्ये कन्कशनवर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. एलियट पेलमन हे सांधेविकारांचे तज्ज्ञ होते, मेंदूचे नव्हे. खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी मोठा धोका नाही, असा निष्कर्ष त्या समितीने आपल्या शोधनिबंधांतून मांडला. २००२ मध्ये पिट्सबर्गचे माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मृत्यूनंतर डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला. वारंवार बसलेल्या माराने होणारी झीज त्यांना त्यात आढळली. २००५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा समितीच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घेण्याची मागणी केली. कन्कशनची लक्षणे असलेल्या खेळाडूला त्याच दिवशी परत उतरवायचे नाही, असा नियम व्हायला २००९ साल उजाडले.

म्हणजे २०१२ मध्ये स्मिथने नियमाप्रमाणे, योग्य तेच केले होते. त्याच्या जागी आलेला तरुण कॉलिन कॅपर्निक मात्र असा काही खेळला की स्मिथ बरा झाल्यावरही प्रशिक्षकांनी कॅपर्निकलाच ठेवले. संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये पोहोचला. तो सामना स्मिथने बाजूला उभे राहून पाहिला. खेळाच्या हिशेबाने निर्णय चूक म्हणता येणार नाही. पण आपली जागा केवळ कन्कशनमुळे गेली, ही भावना स्मिथने नंतर बोलून दाखवली. यातून लीगमधल्या इतर खेळाडूंनी काय धडा घेतला असेल? चक्कर आली तरी गप्प बसा, हाच ना?

पाय: आता सगळ्यांना दिसले

१८ नोव्हेंबर २०१८. स्मिथ आता वॉशिंग्टनच्या संघात होता. ह्यूस्टनच्या दोन खेळाडूंनी त्याला पाडले आणि उजव्या पायाची नडगीची दोन्ही हाडे मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आले. योगायोग असा की बरोबर ३३ वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १९८५ रोजी, वॉशिंग्टनच्याच जो थाइसमन या क्वार्टरबॅकचा पाय टीव्हीवर लाखो लोकांसमोर असाच मोडला होता. थाइसमन पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. स्मिथ पडला त्या दिवशी ते प्रेक्षकांत हजर होते.

नडगीवर मांस कमी असते, हाड थेट कातडीखाली असते. त्यामुळे ते मोडून बाहेर आले की जखमेत जंतू शिरायला वेळ लागत नाही. स्मिथच्या पायात मांस सडवत जाणारा जंतुसंसर्ग पसरला. संसर्ग रक्तातही गेला. प्रश्न पायाचा नव्हे, जिवाचा झाला. पाय कापावा लागेल का, यावर डॉक्टर आणि त्याची पत्नी एलिझाबेथ यांच्यात बोलणी झाली. सडलेला भाग पुन्हा पुन्हा काढण्यात आला. दुसऱ्या मांडीतला स्नायू आणून ती पोकळी भरण्यात आली. एकूण १७ शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळण्यासाठी पायाभोवती कड्यांची चौकट लावण्यात आली. आपल्याकडे अनेक घरांत ‘पायाला रिंग लावलीय’ म्हणून ती माहीत असते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रातही त्याने व्यायामाचे धडे घेतले.

११ ऑक्टोबर २०२० रोजी, ६९३ दिवसांनी, तो पुन्हा मैदानात उतरला. माध्यमांत पुन्हा वाद झडला, पण आता नेमका उलटा. याला खेळू देणे हे धैर्य की वेडेपणा? संघालाही आपण परत यायला नको होतो, असे पुढे स्मिथने मुलाखतीत सांगितले. त्या हंगामात त्याने सुरुवात केलेल्या सहा सामन्यांपैकी पाच वॉशिंग्टनने जिंकले. सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो निवृत्त झाला.

तो सन्मान त्याने पुरेपूर कमावला होता. पण तुटलेल्या लिगामेंटसह २००७ मध्ये चेंडू फेकणारा स्मिथ २०२० च्या स्मिथपेक्षा कमी धीराचा होता का? मला तसे वाटत नाही. तेव्हा त्याच्या वेदनेचा फोटो निघाला नव्हता, इतकेच.

नियमसुद्धा बहुतेक वेळा चित्र दिसल्यावरच बदलतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा टुआ टागोवायलोआ डोके आपटल्यावर उठला आणि सगळ्यांदेखत लडखडला. कारण पाठीची दुखापत असे सांगण्यात आले आणि तो त्याच सामन्यात परत खेळला. चार दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला, त्याची बोटे वाकडी होऊन ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून नेले. ते दृश्य देशभर पाहिले गेले. पुढच्या दहा दिवसांत नियम बदलला: डोक्याला मार लागल्यावर तोल किंवा बोलणे बिघडले असेल, तर खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही.

आपल्यासाठी काय?

डोक्याला मार लागल्यावर गरगरणे, गोंधळणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी खेळ, गाडी चालवणे, कष्टाचे काम बंद. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड, फिट, हातापायांतली ताकद जाणे यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. हाड मोडून बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. वर स्वच्छ कापड ठेवा, पाय हलू देऊ नका आणि लगेच निघा, कारण अँटिबायोटिक जितके लवकर तितके बरे.

आणि घरात कुणी ‘दुखतंय’ म्हणाले तर पहिला प्रश्न ‘रिपोर्टमध्ये काय आलंय?’ असा नको. कुठे दुखते, कधीपासून, काय करताना वाढते, हे आधी विचारा. डॉक्टरकडे जाताना तेवढे कागदावर लिहून आणा. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ त्या तपासणीत जे दिसू शकते ते तिथे नाही, एवढाच असतो. दुखत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.